बाटली फ्रिजमध्ये आहे तोवर

मागच्या अंकात पाण्याच्या तपासणीवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून गेलो, की लॅबमधनं रिपोर्ट बाहेर पडायच्या आधी त्यातले आकडे एकदा सॉफ्टवेअरकडनं तपासून घ्यावेत, माणूस संध्याकाळी थकतो, ते थकत नाही. एवढंच. त्यावर जेवढे प्रश्न आलेत तेवढे आख्ख्या लेखावर आले नाहीत. काही लॅबमधल्यांचे, काही हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्यांचे. जमतील तेवढे घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, कारण निम्म्यांनी शेवटी "मालकांना कळू देऊ नका" असं लिहिलंय.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी भागातल्या लॅबमधले केमिस्ट): सर, आमच्याकडं दिवसाला चाळीसेक सॅम्पल येतात, हंगामात जास्त. मालक सॉफ्टवेअर घेणार आहेत आणि विकायला आलेला माणूस म्हणतो व्हॅलिडेशन, म्हणजे आकड्यांची तपासणी, ऑटोमॅटिक होतं, सही करायचीच बाकी. हे ऑटोमॅटिक म्हणजे नक्की काय बघतं? आणि मग आम्ही काय करायचं?

उत्तर: तुम्ही चहा प्यायचा असं तो बोलला नाही हे नशीब.

बघा, सॉफ्टवेअरला पाणी दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. त्यामुळं ते एकच काम नीट करू शकतं, हा आकडा बाकीच्या आकड्यांशी आणि ठरवून दिलेल्या नियमांशी जुळतोय का ते बघणं. सॅम्पल कधी घेतलं, कधी लावलं (म्हणजे तपासायला घेतलं), मधे मुदत टळली का. ब्लँकमध्ये, म्हणजे सॅम्पलऐवजी लावलेल्या शुद्ध पाण्यात, काही निघालं का. डुप्लिकेटच्या, म्हणजे एकच सॅम्पल दोनदा लावलेल्याच्या, दोन रीडिंगमध्ये फरक किती टक्के. स्पाइक, म्हणजे सॅम्पलमध्ये मुद्दाम मोजून घातलेला पदार्थ, ८० ते १२० टक्क्यांत परत मिळाला का, किंवा त्या पद्धतीला तुमच्या लॅबनं जी हद्द ठरवलीय त्यात. कॅलिब्रेशनची रेघ (माहीत असलेल्या द्रावणांवर, म्हणजे स्टँडर्डवर, मशीन जुळवल्याची) कुठल्या स्टँडर्डपर्यंत होती आणि सॅम्पलचं रीडिंग त्या टोकाच्या वर गेलं तरी कुणी डायल्यूट न करता तसंच लिहिलं का. हे शेवटचं माणसाच्या नजरेतनं हमखास सुटतं, कारण रिपोर्टवर येतो तो नुसता शेवटचा आकडा.

अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, २००९ साली ह्या तपासणीचे टप्पे ठरवून दिले, एक, दोन-ए, दोन-बी, तीन आणि चार. पहिल्यात नुसतं सगळं आलंय का आणि सॅम्पल नीट पोचलं का, दुसऱ्यात ब्लँक-स्पाइक आणि मशीनचं क्यूसी (मशीन नीट चालतंय का ते), तिसऱ्यात आकडेमोड परत करून बघणं, चौथ्यात मशीननं काढलेले मूळ आलेख उघडून बघणं. मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की तपासणी कॉम्प्युटरनं केली, माणसानं केली का दोघांनी मिळून, हे लेबलातच अक्षर घालून सांगायचं. आपल्याकडं ही पद्धत सक्तीची नाही, पण रिपोर्टच्या फाइलवर असं एक अक्षर पडायला लागलं तर लई लोकांची पंचाईत होईल. साधारण दोन-बी पर्यंतचं काम सॉफ्टवेअर बिनबोभाट करतं, आकडे कच्चे मिळाले तर तिसऱ्यातलंही बरंचसं. चौथा टप्पा म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखातला उंचवटा (पीक) मशीननं कुठून कुठपर्यंत कापला हे डोळ्यानं बघणं, तिथं अजून माणूसच लागतो.

आता तुम्ही काय करायचं. सॉफ्टवेअर आकडा दुरुस्त करत नाही, करायलाही देऊ नका, ते फक्त खूण लावतं. 'यू' म्हणजे सापडलं नाही, 'जे' म्हणजे सापडलं पण आकडा अंदाजे, 'आर' म्हणजे टाकून द्या, ही अमेरिकन अक्षरं तुम्हाला बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतील. खूण लागली की कारण शोधायचं काम तुमचं, आणि ते कारण लिहून ठेवायचं कामही तुमचंच. विकायला आलेल्या माणसाला एकच विचारा, खूण कधी लागते? रीडिंग भरताना का महिनाअखेरीला सगळ्याचा गठ्ठा लावताना? महिनाअखेरीला असेल तर त्या पैशात दुसरं काहीतरी घ्या. कारण खूण लागल्यावर पहिला प्रश्न येतो "परत लावून बघ", आणि तेव्हा बाटली फ्रिजमध्ये असली पाहिजे, बेसिनमध्ये ओतलेली नव्हे.

प्रश्न (शिरोळ तालुक्यातले शेतकरी वाचक): आमच्या विहिरीचं पाणी एकाच दिवशी दोन बाटल्यांत भरून दोन लॅबला दिलं. बाकी सगळं जवळपास सारखं आलं पण एका रिपोर्टात कॅल्शियम २०० आहे आणि दुसऱ्यात ८०. ठिबकच्या नळ्या पांढऱ्या पडत्यात म्हणून तपासायला दिलं होतं. दोघंबी आपलंच खरं म्हणत्यात. मी रिपोर्टांचे फोटो पाठवतोय. खरं कुणाचं, आणि तुम्ही म्हणताय ते सॉफ्टवेअर असतं तर हे घावलं असतं का?

उत्तर: दादा, तुमचे फोटो बघून मला मनापासून आनंद झाला, कारण ह्या महिन्यातला सगळ्यात भारी प्रश्न हाच. आणि तुमच्या शिरोळकडं क्षारपड जमिनी एवढ्या असताना असे दोन रिपोर्ट काढून ताडून बघणारा माणूस आहे हेही बरं वाटलं.

आधी उत्तर देतो, ८० खरं. आता कसं ते सांगतो, कागद-पेन घ्या, सॉफ्टवेअर ह्याहून वेगळं काही करत नाही.

पाण्यात विरघळलेले क्षार दोन गटांचे, एक धन भाराचे, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, आणि दुसरे ऋण भाराचे, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट. पाण्याला हात लावला तर शॉक बसत नाही, म्हणजे दोन्ही गटांचा भार सारखाच असणार. तराजूची दोन पारडी समजा. फक्त लिटरमागचे मिलिग्रॅम तसेच तोलून चालत नाही, प्रत्येकाला त्याच्या एका भारामागच्या वजनानं भागावं लागतं, कॅल्शियमला साधारण २० नं, मॅग्नेशियमला १२.१५ नं, सोडियमला २३ नं, क्लोराइडला ३५.४५ नं, सल्फेटला ४८ नं, नायट्रेटला ६२ नं, आणि बायकार्बोनेट हे अल्कलिनिटी म्हणून कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात दिलेलं असलं तर ५० नं.

तुमच्या रिपोर्टात मॅग्नेशियम ४८.६ म्हणजे ४, सोडियम ११५ म्हणजे ५, पोटॅशियम नावालाच, ०.१. दुसऱ्या पारड्यात अल्कलिनिटी ३०० म्हणजे ६, क्लोराइड १७७ म्हणजे ५ ला किंचित कमी, सल्फेट ९६ म्हणजे २, नायट्रेट १० म्हणजे ०.१६. ऋण पारडं झालं १३.१५. आता धन पारड्यात कॅल्शियम ८० घातलं तर ४ येतात आणि बेरीज १३.१, पारडी जुळली. तिथंच २०० घातलं तर १० येतात, बेरीज १९.१, आणि दोन्ही पारड्यांतला फरक एकूण बेरजेच्या १८ टक्के. एवढ्या क्षाराच्या पाण्याला ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. १८ म्हणजे काहीतरी साफ चुकलंय.

पण कुठल्या पारड्यात चुकलंय? एखादं ऋण कमी मोजलं गेलं असेल तरी असंच दिसेल की. इथं तुमच्या रिपोर्टातली विद्युतवाहकता कामाला येते, ती दोन्ही लॅबनं १२९० दिलीय. भाराची बेरीज गुणिले शंभर केलं की ती साधारण वाहकतेच्या दहा टक्के इकडं तिकडं येते. ऋण पारडं सांगतंय १३१५, बरोबर बसलं. धन पारडं सांगतंय १९१०, कुठल्या कुठं. म्हणजे चूक धन पारड्यातच आहे. आणि शेवटचा खिळा, एकूण कठीणपणा दोन्हीकडं ४०० आहे. कॅल्शियम खरोखर २०० असतं तर एकट्या कॅल्शियमचाच कठीणपणा (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिहितात म्हणून) अडीचपट म्हणजे ५०० झाला असता. भाग हा पूर्णाहून मोठा कसा असेल?

आता बघा २०० ला अडीचनं भागलं तर किती येतं. ८०. पहिल्या लॅबनं टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण सोडून मोजणं) अगदी व्यवस्थित केलंय, त्यांच्या माणसानं कॅल्शियमच्या रकान्यात कॅल्शियमचा कठीणपणा लिहिलाय, बस्स. हात बरोबर, रकाना चुकला.

सॉफ्टवेअरनं पकडलं असतं का, तर हे सांगताना मला जरा सावध बोलावं लागेल. साधं सॉफ्टवेअर फक्त हद्द बघतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० ह्या भारतीय मानकात कॅल्शियमची दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची हद्द आहे २००. म्हणजे तुमचा आकडा बरोब्बर काठावर, हिरव्या रंगात, पास! ज्याच्यात पारड्यांचा हिशोब घातलाय त्यानं लगेच लाल केलं असतं. त्यामुळं "आमच्याकडं सॉफ्टवेअर आहे" ह्या वाक्याला तसा काही अर्थ नाही, त्यात कुठले नियम घातलेत ते विचारायचं.

ठिबकचं म्हणाल तर ८० कॅल्शियम आणि ३०० अल्कलिनिटीला पण नळ्या पांढऱ्या पडतातच, ते रिपोर्ट चुकला म्हणून नाही. पहिल्या लॅबला हा कागद दाखवा, भांडू नका, ते स्वतःहून दुरुस्त रिपोर्ट देतील.

प्रश्न (शिवाजी विद्यापीठातली एम.एस्सी.ची विद्यार्थिनी): सर माझ्या प्रोजेक्टला जुने रिपोर्ट एक्सेलमध्ये भरलेत. शिश्याच्या रकान्यात बरेच ठिकाणी आकड्याच्या आधी 'पेक्षा कमी'ची खूण आहे. सरासरी काढली तर लिमिटच्या वर येतीये, पण नुसतं बघितलं तर एकच सॅम्पल वर आहे. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुझं काही चुकत नाही, एक्सेल त्याच्या स्वभावाप्रमाणं वागतंय. खूण लावलेला आकडा एक्सेलच्या लेखी आकडा नसतोच, ते अक्षर असतं, आणि सरासरी काढताना ते अक्षरांना न सांगता वगळतं. एका ओढ्याची चार सॅम्पल आहेत समज, तिघांत ०.००५ पेक्षा कमी (म्हणजे त्याखाली मशीनला मोजता आलं नाही) आणि एकात ०.०१२. एक्सेल तुला सरासरी देणार ०.०१२, कारण त्याच्या लेखी तेवढं एकच सॅम्पल आहे. लिमिट ०.०१, म्हणजे आख्खा ओढा दूषित! तीच तिघं शून्य धरली तर सरासरी ०.००३, निम्मी धरली तर ०.००४९, पूर्ण धरली तर ०.००६८. कुठलीही रीत घेतली तरी सरासरी लिमिटच्या आत येते. ते एक सॅम्पल मात्र वरच आहे आणि ते सरासरीत बुडवायचं नाही, वेगळं सांगायचं.

काहीजण ह्यावर उपाय म्हणून खूणच खोडून टाकतात आणि नुसतं ०.००५ ठेवतात. हे तर त्याहून वाईट, कारण पुढं वाचणाऱ्याला वाटतं सगळीकडं शिसं सापडलंय. दोन रकाने कर, एकात आकडा, दुसऱ्यात खूण. आणि तिसरा रकाना युनिटचा, तो कधी सोडू नकोस. नायट्रेटचं तर ठरलेलं दुखणं आहे, कुणी नायट्रेट म्हणून देतं, कुणी नायट्रोजन म्हणून, मधला गुणक ४.४३. "नायट्रेट १२" वाचलं की वाटतं ४५ ची हद्द लांब आहे, पण ते १२ नायट्रोजनचे असतील तर नायट्रेटचे ५३ होतात आणि पाणी नापास. हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही, युनिट लिहिलं असेल तरच कळतं. पंचगंगेच्या कोलिफॉर्मचंही (मैल्याचा इशारा देणाऱ्या जिवाणूंचं) तसंच, पाण्याच्या तीन प्रमाणांच्या पाच-पाच नळ्या लावतात, त्या सगळ्या पॉझिटिव्ह आल्या तर उत्तर "१६०० पेक्षा जास्त" असतं, १६०० नव्हे. तिथं वरची खूण गेली की नदी आहे त्याहून स्वच्छ दिसायला लागते.

एक्सेलच्या नादानं मोठमोठ्यांचे हात पोळलेत म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळजवळ सोळा हजार केसेस मोजणीतनं गळाल्या, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलला ६५,५३६ च्या पुढं ओळीच नसतात. फाइल भरली, पुढचं गळालं, कुठं लाल दिवा नाही की काही नाही. आर किंवा पायथन ह्यातली एक प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून घे, दोन्ही फुकट आहेत, आणि त्यात तू आकड्याशी काय काय केलंस ते ओळीओळीनं लिहिलेलं राहतं, गाइडनी सहा महिन्यांनी विचारलं तरी दाखवता येतं.

प्रश्न (साखर कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणावर, काम करणारे वाचक): बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला, बीओडी १२० आणि सीओडी ९६. लॅबवाले म्हणतात एवढं तेवढं चालतं. चालतं का? आणि आमच्या ऑनलाइन मीटरच्या आकड्यांचं काय?

उत्तर: नाही चालत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, सीओडी म्हणजे तीच घाण डायक्रोमेट ह्या रसायनानं जाळायला लागणारा. जिवाणू जे खाऊ शकतात ते सगळं डायक्रोमेट पण जाळतो, वर आणखी जाळतो, त्यामुळं सीओडी बीओडीच्या वरच पाहिजे. हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवशी घालावा असा, त्याच्याच भावकीतले बाकीचे पण, अमोनिया एकूण केल्डाल नायट्रोजनच्या (अमोनिया अधिक सेंद्रिय नायट्रोजन) वर नको, विरघळलेला धातू एकूण धातूच्या वर नको, फीकल कोलिफॉर्म टोटलच्या वर नको. लॅबला बीओडीचं वर्कशीट मागा. आपल्याकडं बीओडी २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, त्यात शेवटी बाटलीत निदान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरलेला पाहिजे आणि निदान २ खर्च झालेला पाहिजे, तर ती बाटली धरायची. आणि सीड (बाहेरनं घातलेले जिवाणू) घातलं असेल तर त्याची वजाबाकी केलीय का, सीओडीला डायल्यूशनचा गुणक लावलाय का, ह्या दोन जागी बहुतेक सापडेल. गाळ असलेलं सॅम्पल न हलवता दोन बाटल्यांत ओतलं तरी असं होतं म्हणा.

तुम्ही ऑनलाइन मीटरचंही विचारलंय. तिथं मला जास्त भीती वाटते ती वर गेलेल्या आकड्याची नाही, न हलणाऱ्या आकड्याची. गळीत हंगाम चालू आहे, लोड कमीजास्त होतोय, आणि पीएच सहा तास ७.४१, ७.४१, ७.४१? असं पाणी जगात नसतंय. सेन्सर कोरडा पडलाय, नाहीतर घाणीनं माखलाय, नाहीतर बादलीत बसलाय. हद्दीच्या आत असल्यामुळं अलार्म वाजत नाही, म्हणून "इतके तास बदलच नाही" असा वेगळा नियम घालावा लागतो.

प्रश्न (कोल्हापूरचा रंकाळा तलाव आणि पंचगंगेच्या पाण्यावर काम करणाऱ्या गटातले एक): आम्ही तीन-सिग्माचा नियम (आकडे एरवी सरासरीभोवती जेवढे हलतात त्याच्या तिपटीपलीकडचा आकडा लाल) लावून आमचा सगळा जुना डेटा तपासला. दर जुलै-ऑगस्टला गढूळपणा लाल होतोय आणि रंकाळ्याचा एक विरघळलेला ऑक्सिजन ११.८ पण लाल झालाय. ११.८ शक्यच नाही म्हणून आम्ही तो काढून टाकतोय. बरोबर ना?

उत्तर: थांबा थांबा, काढू नका!

आधी जुलैचं. पंचगंगेला पावसाळ्यात लाल पाणी येतं हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला माहीत आहे, तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत नाही, कारण तुम्ही त्याला बारा महिन्यांची एकच सरासरी शिकवलीय. मे महिन्याचं पाणी आणि पुराचं पाणी एका पोत्यात घातलं की एकतर दर पावसाळ्यात बोंब होणार, नाहीतर हद्द एवढी रुंद होणार की उन्हाळ्यात खरं काही घडलं तरी कळणार नाही. ऋतूप्रमाणं वेगळे गट करा. सिग्माचा हा नियम मुळात शूहार्ट ह्या अमेरिकन माणसाच्या १९२४ च्या कंट्रोल चार्टमधनं (आकडे ठरल्या हद्दीत राहतात का ते बघायच्या आलेखातनं) आलेला, लॅबमध्ये दोन सिग्माला सावध व्हायचं, तीनला हातातलं काम थांबवायचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका असतो ना, तसंच. पण तो चार्ट बनलाय कारखान्यातल्या एकसारख्या मालासाठी. लॅबमधल्या चेक स्टँडर्डला तो झकास लागतो, रोज तेच द्रावण, रोज तेच उत्तर यायला पाहिजे. नदी म्हणजे चेक स्टँडर्ड नव्हे.

आता ११.८. तीस अंशाच्या पाण्यात हवेतनं विरघळून विरघळून ऑक्सिजन साधारण ७.६ पर्यंत जातो, तेही समुद्रसपाटीला, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास म्हणजे अजून थोडा कमीच. म्हणून ११.८ "शक्यच नाही" वाटतं. पण रंकाळ्यात शेवाळ किती माजतं हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि हिरव्यागार पाण्यात भर दुपारी शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं, तेव्हा एवढा आकडा खुशाल येतो. त्याच ठिकाणी पहाटे जाल तर दोन-तीन पण मिळेल, रात्रभर तेच शेवाळ श्वास घेतं. त्यामुळं पहिलं बघा सॅम्पलची वेळ लिहिलीय का. दुसरं बघा त्याच बाटलीचा पीएच. शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून पीएच चढतो, ११.८ च्या सोबत पीएच ९ च्या आसपास असेल तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत, आकडा ठेवा. पीएच ७.२ असेल तर मात्र बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला असेल, मीटर कॅलिब्रेट नसेल, तिथं 'जे' लावा आणि कारण लिहा. पुसायचं तरीही नाही. मूळ आकडा, नवीन निर्णय, कुणी घेतला, कधी घेतला, चारही राहिलं पाहिजे.

मला विचाराल तर तुमच्या आख्ख्या डेटातला सगळ्यात बोलका आकडा कदाचित तोच असेल, आणि तुम्ही तोच फेकायला निघाला होता.

प्रश्न (एका छोट्या लॅबच्या मालक): एनएबीएलचे (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) असेसर, म्हणजे तपासनीस, आले होते, म्हणाले तुमची एक्सेल शीट व्हॅलिडेट केल्याचं दाखवा. एक्सेल मायक्रोसॉफ्टचं आहे, ते आम्ही काय व्हॅलिडेट करणार? महागडं लिम्स (लॅबचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) परवडत नाही.

उत्तर: ताई, असेसरांचं बरोबर आहे आणि तुमचंही निम्मं बरोबर आहे. लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ ह्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत ७.११ ह्या कलमात हे आहे. बाजारातलं तयार सॉफ्टवेअर त्याच्या नेहमीच्या कामासाठी वापरलं तर ते पुरेसं तपासलेलं धरता येतं, पण तुम्ही त्यात घातलेली सूत्रं मायक्रोसॉफ्टनं लिहिलेली नाहीत ना, ती तुमच्या माणसानं लिहिलीत. तेवढी दाखवायची.

कसं, तर स्वस्तात असं. पंधरा-वीस सॅम्पलची एक खोटी यादी बनवा आणि त्यात मुद्दाम चुका पेरा. एकात बीओडी सीओडीच्या वर, एकात कॅल्शियमच्या जागी कठीणपणा, एकात सॅम्पल घेतल्याच्या आधीची तपासणीची तारीख, एकात दशांश चिन्ह सरकलेलं, एकात युनिट गायब. काही ओळी अगदी बरोबर ठेवा. शीटनं किती पकडल्या, बरोबर असलेल्या उगाच किती लाल केल्या, प्रिंट काढा, तारीख, सही. सूत्राला हात लावला की तीच यादी परत चालवा. सूत्रांचे सेल लॉक करा. हातानं चार उदाहरणं कॅल्क्युलेटरवर सोडवून जोडा. झालं. पुढं वाढवायचं झालं तर सेनेट नावाचं लिम्स ओपन सोर्स आहे, लायसनचे पैसे नाहीत, पण ते बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो, तो फुकट नसतो.

एक सांगतो, हे माझ्यावर बेतलेलं आहे. नोकरीत असताना मी अशीच एक शीट केली होती, उत्साहात नियम घातले पन्नासएक, हद्दी सगळ्या घट्ट. रोज साठ-सत्तर ठिकाणी लाल. पहिला आठवडा पोरांनी सगळं बघितलं, दुसऱ्या आठवड्यात निम्मं, महिन्यात नुसतं "ओके, ओके, ओके" दाबायला लागले, त्यात मी पण आलो. त्याच गर्दीत ब्लँकमध्ये झिंक येत होतं, दर बॅचला थोडं थोडं. शीटनं इमानदारीत लाल केलेलं. आम्ही ओके केलं. नंतर कळलं हातमोजे बदलले होते, नवीन मोज्यांच्या पावडरमध्ये झिंक. ब्लँकच्या पाचपटीच्या आतला आकडा संशयित धरायची एक जुनी अमेरिकन रीत आहे, ती लावून बघितलं तर पंधरा दिवसांतले निम्मे झिंकचे आकडे त्यात बसत होते. गिऱ्हाइकांना फोन करायचे होते. आणि परत लावायला म्हणून फ्रिज उघडला तर बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या.

त्यामुळं नियम दहाच घाला, पण लाल झालेलं कारण लिहिल्याशिवाय पुढं जाऊच नये असं करा. "ओके" बटण काढून टाका, तिथं रिकामी चौकट ठेवा.

प्रश्न (नाव-गाव नाही): हे सगळं एआयला विचारलं तर?

उत्तर: सूत्र कसं लिहायचं, पायथनचा कोड का अडकला, ह्यासाठी खुशाल विचारा, मी पण विचारतो. पण "हा रिपोर्ट बरोबर आहे का" म्हणून गिऱ्हाइकाचा रिपोर्ट जसाच्या तसा तिकडं चिकटवू नका, गिऱ्हाइकाची माहिती गुप्त ठेवायचं तुम्ही लिहून दिलेलं असतं. शिवाय पारड्यांच्या हिशोबाचं उत्तर दर वेळी तेच येतं, गप्पा मारणाऱ्या यंत्राचं तसं नसतं.

प्रश्न (वरच्याच शिरोलीच्या केमिस्टांचं पुरवणी पत्र): बाटली ठेवा म्हणता, पण फ्रिज एकच आहे. किती दिवस ठेवायची?

उत्तर: सगळी सारखी ठेवायची नसतात. नायट्रिक आम्ल घातलेलं धातूंचं सॅम्पल (पारा सोडून) सहा महिने टिकतं आणि त्याला फ्रिजची गरज नाही, फळीवर ठेवा. सल्फ्युरिक घातलेलं सीओडीचं २८ दिवस. क्लोराइड, सल्फेट २८ दिवस निवांत. अल्कलिनिटी १४. साधं नायट्रेट आणि बीओडी ४८ तास, तेही थंड, म्हणजे बीओडीचं उत्तर यायच्या आधीच त्याची बाटली बाद झालेली असते, तिथं डुप्लिकेट पहिल्या दिवशीच लावायला लागतं. कोलिफॉर्म शक्यतो त्याच दिवशी, २४ तासांच्या पुढचं धरू नका. पीएच तर नदीवरच, पंधरा मिनिटांत. सॉफ्टवेअरमध्ये ह्या मुदती घाला आणि रोज सकाळी "आज कुठल्या बाटल्या टाकायला हरकत नाही" अशी यादी काढून फ्रिजच्या दारावर लावा. ज्याच्यावर लाल खूण बाकी आहे ती बाटली त्या यादीत येता कामा नये. मग एक फ्रिज पुरतो, आमचा पुरायला लागला होता.